मोर उघडत नाही

शेठ म्हणाले, सोमवारपर्यंत करून टाका,
जुन्या विंडोजला आता कुणी वाली राहिला नाही म्हणे.
मी म्हटलं, बरं.
बरं म्हणायला काय लागतं.

रविवारी माग बंद.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एवढी शांतता
की कॉम्प्युटरचा पंखा ऐकू आला. खरखरत होता.
झाकण काढलं. आधी ब्रशने, मग फुंकरीने,
मग वॉचमनच्या सायकलच्या पंपाने
बोटभर जाडीची मऊ गादी बाहेर काढली,
निळी, राणी, मधेच मोरपंखी,
गेल्या ज्या ज्या ऑर्डरी, त्यांचं सूत.

मग हजेरीच्या वहीत मागच्या पानावर यादी,
काय चालेल आणि काय नाही.
प्रिंटर: चालेल, पण ड्रायव्हर नवा.
हिशेबाचं: चालेल, पैसे भरल्यावर.
बिलांचा मराठी फॉन्ट: ऑफिसातल्या नव्या मशीनवर उघडून बघितला
तर 'श्री'च्या जागी एक डॉलर आणि दोन कंस,
गिऱ्हाइकाचं नाव
उंदराने कुरतडल्यासारखं.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरपुढे पेन थांबलं.
ज्याने विकलं त्या सुरतेच्या माणसाचा नंबर
हल्ली दातांच्या डॉक्टरांकडे लागतो.
डॉक्टर सभ्य होते. दुसऱ्यांदाही.
मागे करंगळीएवढा डोंगल लावल्याशिवाय ते चालू होत नाही
आणि नव्या विंडोजला तो डोंगल दिसतच नाही,
लावा, काढा, पुसून लावा.

अकराशे चाळीस डिझाइनं पेनड्राइव्हवर घेतली.
मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर, झोप लागावी म्हणून.
मोर नंबर तीन.
नव्याने मलाच विचारलं, हे कशाने उघडू?
जुन्यातून चित्र म्हणून काढून दिला
तर आला, पिसाऱ्यासकट आला,
पण फोटोतला मोर तो.
कुठला दोरा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा,
त्याला काही ठाऊक नाही.

"काय करलालीस गं पोरी?"
पंप परत न्यायला नरसय्या चिट्याल आले.
मी म्हटलं, नव्याला जुन्याचं काही कळत नाही, काका.
ते इतके हसले की खोकला आला.
"हे तू मला सांगलालीस?"

हे डिझाइनचं आलं त्या साली
त्यांच्या हातचे पुठ्ठे भंगारात गेले होते,
एका मोराला सातशे पुठ्ठे, दोरीने ओवलेले,
किलोवर. आणि ते गेटवर.
"भोक असलं की दोरा वर. नसलं की राहू दे.
तुझ्या डब्यात तरी दुसरं काय असतंय?"

मला उत्तर सुचलं नाही.
ते गेटवर जाऊन खाटेवरची चादर घेऊन आले,
विटलेली, एका कोपऱ्याला बिडीने जळलेली. मोर.
उलटी करून टेबलावर पसरली
आणि अंगठ्याच्या नखाने दोरे मोजायला लागले,
ओकटी, रेंडू, मूडू,
मी नव्या स्क्रीनवर चौकोन भरत गेले.
दोनदा आम्ही चुकलो.
एकदा त्यांना तुऱ्यातलं एक पीस जास्तीचं वाटलं,
"हे माझं नाही, कुणीतरी घातलंय," म्हणाले,
आणि चहाला गेले ते अर्धा तास.
अंधार पडेपर्यंत तुरा, डोळा, चोच.

सोमवारी जुनी डिस्क काढली, वर मार्करने तारीख घातली,
शेठच्या गणपतीच्या फोटोमागे ठेवून दिली.
नवी बसवली.
कृपया मशीन बंद करू नका, त्रेचाळीस टक्के.
तोवर सगळे माग सुरू झाले होते,
पंख्याचा आवाज पुन्हा कुठल्याकुठे.

चादर माझ्या टेबलावरच आहे.
रात्री गेटवर गार वारं असतं,
तरी नरसय्यांनी ती परत मागितलेली नाही.
मीही दिलेली नाही.
मान बाकी आहे.