डावं तीन, पुढे खडी

रस्ता मी पाहत नाही.
माझ्या मांडीवर वही असते, दोनशे पानी,
सावद्याच्या बाजारात घेतलेली,
शेवटच्या पानांवर अजून नववीच्या शिकवणीचे हिशेब.
हेल्मेटातल्या माइकात मी वाचत जाते:
उजवं पाच, लांब. ऐंशी. डावं तीन, पुढे खडी.
शब्द तोंडातून सुटतो तोवर
हेमांगी फेगडे वळून गेलेली असते.
मला वळण कळतं ते कमरेला,
पट्टा कुठल्या बाजूने रुततो त्यावरून.

तिला गाडी केळीने शिकवली.
वडील टेम्पोत घड रचायचे, खाली पानं, वर पानं,
आणि चौदाव्या वर्षीच ही चाकामागे,
मळ्यातून वखारीपर्यंत, बैलगाडीच्या चाकोरीत.
शेजारी बसून ते एकच सांगायचे:
"ब्रेक असा दाब, का केयीले कयलं नाही पाह्यजे."
दणका बसलेला घड इथे हिरवाच दिसतो.
चौथ्या दिवशी दिल्लीत काळा पडतो,
मग भाव तिकडूनच कापून येतो.

भुसावळकडच्या बंद जिनिंगच्या आवारात
आमची पहिली शर्यत. मे महिना.
पत्र्याला हात लावला तर हात तिथेच राहावा असं ऊन.
पोरं गाड्या आडव्या घालत होती,
काळ्या मातीचा लोट उठला की शिट्ट्या.
ती वळली तेव्हा कुणी शिट्टी मारली नाही.
काही घडलंच नव्हतं ना बघण्यासारखं.
फक्त घड्याळवाल्याने काटा परत परत तपासला:
चार सेकंद.

पैशाचं सांगायचं तर
एक टायर म्हणजे माझ्याकडच्या सहा पोरांची महिन्याची शिकवणी.
पहिली प्रवेश फी एका जुन्या स्कूटीएवढी होती,
आणि ती तिचीच स्कूटी होती.
फैजपूरचा ठिबकवाला दारावर स्टिकर लावायला तयार झाला,
वर म्हणाला, ताई, नाव वाचता येईल
इतपत तरी हळू चालवा.

पालच्या घाटात चूक माझी झाली.
घामाने दोन पानं एकमेकांना चिकटली.
डावं दोन होतं तिथे मी उजवं चार म्हणाले,
स्वच्छ, खणखणीत, वर्गात फळ्यापाशी म्हणावं तसं.
आणि तिने ऐकलं.
समोर दरड दिसत असताना
तिने डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.
निदान निम्मा सेकंद तरी.

गाडी उलटी. सागाची वाळली पानं खिडकीतून आत.
पेट्रोलचा वास, कुठेतरी एक चाक अजून फिरतंय.
मी रडायला लागणार, इतक्यात
माइकात तिचा आवाज, तुटक:
"पान कितवं?"
मी म्हटलं, एकतीस. म्हटलं, नाही, तेहतीस.
"बरं," ती म्हणाली.
गळ्याचं हाड मोडलंय हे तिला नंतर कळलं.

तेव्हापासून मी पानाच्या एकाच बाजूला लिहिते.
एवढंच. माफी मागितली नाही,
तिने तशी जागाच ठेवली नाही.
सहा महिने ती गळपट्ट्यात हात अडकवून
माझ्या शिकवणीला मागच्या बाकावर बसायची
आणि जुनी वही वाचायची, तोंडातल्या तोंडात,
पाय फरशीवर दाबत.

परवा दक्षिणेतल्या एका संघाचं पत्र आलं.
पुढचा हंगाम, त्यांची गाडी, त्यांचा पगार.
वाचणाऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं.
तिने उत्तरात एक ओळ लिहिली, मला दाखवली नाही,
पण दाबून लिहायची सवय आहे तिला:
खालच्या पानावर मला माझं नाव सापडलं.

काल टेम्पोचा ड्रायव्हर आला नाही
म्हणून भरलेला माल तिनेच काढला.
मी शेजारी, हातात वही नाही,
कितीतरी दिवसांनी समोरची काच.
दोन्ही अंगांना केळी, पाटाचं पाणी,
उत्तरेला सातपुडा, निळसर, बसकट.
"वाच ना," ती म्हणाली.
"सरळ," मी म्हटलं. "सरळ. लांब.
पुलापर्यंत सरळ.
म्हैस."

तिने ब्रेक दाबला.
मागे घडांना कळलं नाही.