रकाना त्रेचाळीस

टे नदीवरून धुकं आत येतं तेव्हा
डंडीत आमचा चौथा मजला आधी नाहीसा होतो,
मग परांची, मग क्रेनचा पिवळा हात.
मी हेल्मेटवरचं पाणी पुसते,
टॅबलेटवर बोट टेकवते.
बेचाळीस रकाने. होय, नाही, लागू नाही.

पूर्वी इथे बारदान विणायचे.
आता फ्लॅट होतायत, दोन खोल्यांचे, नदी दिसणारे,
धुकं नसेल तेव्हा.
दगडांच्या खाचांत अजून तागाची लव सापडते.
तिच्यासाठी रकाना नाही.

संध्याकाळी पाचला
माझ्या खुणा गोळा करून चिटणीस पत्रं धाडतो.
चिटणीस हे मी ठेवलेलं नाव;
कंपनी त्याला एजंट म्हणते.
तो माझे वाकडे फोटो सरळ करतो,
मजल्यांचे आकडे ताडून बघतो,
ठेकेदार, आर्किटेक्ट, विमा कंपनीची बाई, नगरपालिका,
अकरा जणांना अकरा ईमेल,
प्रत्येकाच्या शेवटी माझं नाव, सुनेत्रा खराडे,
माझ्यापेक्षा नम्रपणे.

त्या बुधवारी जिन्याजवळची भिंत
डोळ्यांना निर्दोष होती.
चुन्याचा गिलावा गुळगुळीत, कोपरा ओळंब्यात,
यारेकने दोन दिवस खपून केलेला.
मी पेरांनी ठोकलं. सवयीने.
खण्, खण्, खण्, आणि खिडकीखाली
बद्द.

वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरांना गिलावा करत.
थापीचा दांडा भिंतीवर वाजवत पुढे जात,
आणि थांबले की आम्हाला कळायचं,
आज जेवायला उशीर.
माठ घेतानाही तेच, दुकानदार वैतागेपर्यंत.

रकाना सतरा: पृष्ठभाग समतल? होय.
अठरा: भेगा? नाही.
एकोणीस: रंगासाठी योग्य?
इथे बोट अडलं.
शेऱ्याच्या चौकोनात मी देवनागरीत लिहिलं: बद्द वाजतं.

पाचला एक मिनिट असताना चिटणीसाने विचारलं:
'या शब्दाचे तीन अर्थ लागतात, एकही भिंतीला बसत नाही.
अंदाजाने लिहू, की तुम्ही सांगाल?'
सत्तावीस वर्षांत साइटवर मला
'कळलं नाही' म्हणणारा हा दुसराच.
पहिला एक वेल्डर होता, ग्लासगोचा.
'तसाच ठेव,' मी लिहिलं.
अकरा ठिकाणी गेला तो शब्द, शिरोरेषेसकट.

साडेपाचला युअन पेट्रीचा फोन.
'ही काय भानगड, सुनेत्रा? शिवी आहे का?'
म्हटलं, उद्या ये. हातमोजे काढून ये.

आला. यारेकही आला, हाताची घडी घालून.
पेट्रीने भिंतीला दार असल्यासारखं ठोकलं.
खण्. खण्.
थोडं खाली, मी म्हटलं.
बद्द.
त्याने पुन्हा ठोकलं, हळू,
आत कोणी आजारी असावं तसं.
यारेक काही बोलला नाही. छिन्नी आणायला गेला.
गिलाव्यामागे अंगठा मावेल एवढी पोकळी निघाली,
थंड, ओल धरलेली,
आणि तिच्यात तागाचा एक पुंजका.

सोमवारी यादी नवी आली.
पेट्रीने मागितलं, चिटणीसाने जोडलं:
रकाना त्रेचाळीस. 'बद्द?' रोमन लिपीत, दोन डी.
होय, नाही, लागू नाही.
मी हसले. मग जरा फुशारलेसुद्धा.

आता दर शुक्रवारी चार इमारतींच्या याद्या येतात.
त्रेचाळीसला सगळीकडे 'नाही'.
इतकं ओळीने नाही, इतकं स्वच्छ,
की ठोकायला कोणी वाकलं असेल असं वाटत नाही.
चिटणीस तळाशी एक ओळ घालतो:
'एकशे बारा खोल्यांची उत्तरं चार मिनिटांत भरली गेली.
फक्त कळवतो.'

मी उत्तर देत नाही.
पण सोमवारच्या बैठकीत हात मिळवताना
जरा जास्त वेळ धरून ठेवते
आणि पेरांवर चुना आहे का बघते.