गाडी कुठे तोंड करून झोपते

पौषात रिवणला थंडी पडते म्हणजे किती,
सतरा अंश, फार तर सोळा.
पण तेवढ्यावरही माझी पिकअप हट्टाला पेटायची,
पेटायचं ते तेवढंच.
पहाटे पावणेपाच. डेअरीच्या पायरीवर
दुधाचे कॅन ताटकळलेले,
आणि इथे मी किल्ली फिरवतेय, पुन्हा फिरवतेय,
घर्र घर्र घर्र,
शेजारचा कुत्रा उठतो, गाडी उठत नाही.
दहाव्या-बाराव्या झटक्याला एकदा शिंकते,
मग दिवसभर शहाण्या मुलीसारखी.

सावर्ड्याच्या माणसाने बॅटरी बदलली.
कुडचड्याच्या माणसाने चारही हीटर प्लग.
माझ्या दिराने डॅशबोर्डवर उदबत्ती लावली,
आणि तिघांतला तोच एक फुकट होता.

इनास फोनवर म्हणाला, दुपारी आणू नको.
तापलेल्या इंजिनाला काय विचारणार?
ते गोडच बोलतं.
रात्री उभी कर, किल्लीला हात लावू नको, मी येतो.

आला. साडेचारला, केप्याहून, स्कूटरवर,
कानटोपी, तिच्यावर हेल्मेट,
ओठात न पेटवलेली विडी.
बोलला नाही. चहा दिला, तरी नाही.
दुसऱ्या कपानंतर खाकरला,
तेव्हा कळलं, हाही उशिराच सुरू होतो.

मी बॉनेट उघडायला धावले.
तो मागे गेला, सायलेन्सरपाशी उकिडवा बसला,
त्या काळ्या भोकावर टॉर्च धरून म्हणाला, मार.
मारला. घर्र घर्र.
"स्टार्टर जोरात फिरतोय. बॅटरीवर आळ नको.
आणि पळे, धुंवर ना.
पांढरा धूर आला असता तर म्हटलं असतं,
डिझेल पोचतंय पण जळत नाही, प्लग बघूया.
इथे धूरच नाही.
चुलीत लाकूडच नाही, द्वारकाबाय,
आणि तू फुंकणी बदलत बसलीस."

मग तो उठला, आणि बराच वेळ
गाडीकडे नाही, आमच्या उतरत्या अंगणाकडे बघत राहिला.
"गाडी रातीं खंयचे वटेन तोंड करून न्हिदता?"

मला हसू आलं. वर, म्हटलं, चढाकडे.
आधी खाली असायचं. पण दिवाळीनंतर
दिराने गोठ्यासाठी चिरे आणून रचले,
तेव्हापासून वळवायला जागा नाही.
आणि सांगता सांगता मलाच आठवलं:
बहिणीकडे सपाट अंगण,
दोन रात्री राहिले होते,
दोन्ही सकाळी पहिल्याच झटक्याला.
मला वाटलं, तिला तिथली हवा मानवते.

इनासने फिल्टरवरचा पंप अंगठ्याने दाबला.
मऊ. मऊ. जास्त पिकलेल्या जांबासारखा मऊ.
पारदर्शक नळीतून बुडबुडे धावले.
विसाव्या दाबाला अंगठ्याखाली दगड झाला.
"मार."
एकाच झटक्यात.
ओसरीवरच्या फडताळात पेले थरथरले.

तर रात्रभर टाकी खाली, इंजिन वर.
कुठल्याशा रबरी कड्याला केसभर चीर,
तिच्यातून हवा आत शिरते
आणि डिझेल आल्या वाटेने मागे जातं,
थेंब थेंब, कुणाला न सांगता.
महिनाभर मी थंडीला शिव्या घातल्या.
तिचा काही संबंध नव्हता,
ती फक्त चिऱ्यांच्या मागोमाग आली.

कडं तीस रुपयांचं.
वर दोनशे इनासचे, "पहाटेचे" म्हणून.
विडी त्याने जाताना पेटवली.

चिरे अजून तिथेच आहेत. गोठा होईल, दीर म्हणतो.
गाडी चढाकडेच तोंड करून झोपते
आणि उठते.
मला मात्र खोड लागली आहे.
परवा सासूबाई म्हणाल्या, सकाळी हिवात मान धरते,
मी तेल शोधायचं सोडून
आधी त्यांची उशी बघून आले.