आवंढा

माझ्याकडे यायचे ते फक्त काप,
दोन-दोन मिलिमीटरचे.
नाव खरवडलेलं, गाव खरवडलेलं,
यंत्र कोणत्या कंपनीचं तेही.
सोळा क्रमांकाची मान. बस्स.

काम तसं साधं.
या चित्रांत रक्त काळं दिसतं,
त्याभोवती धमनीचं राखाडी कडं.
आतली रेघ काढायची, मग बाहेरची,
दोघींमध्ये उरते ती भिंत.
आणि प्रश्न एवढाच
की ग्रोनिंगनच्या यंत्राला दिसते
तेवढीच ती लेवार्डनच्याला दिसते का,
झ्वोलेच्याला दिसते का.
तीन कंपन्या, तीन चुंबकं,
एकमेकांची भाषा न बोलणारी.

नोव्हेंबरभर बारा माणसांच्या माना
आगगाडीने हिंडल्या,
कुरणांत साचलेल्या पाण्याकडेने.
माणूस तोच, मान तीच.
बदललाच आकडा, तर दोष कुणाचा ते कळेल.

सोळा क्रमांक मी ओळखायला लागले.
ओळखू नये, पण डावीकडे धमनी फुटते तिथे
एक फाटा रुसल्यासारखा बाहेर वळलेला.
पहिल्यांदा भरली १.१२.
दुसऱ्यांदा १.१४. मी चहा घेतला.
तिसऱ्यांदा १.३६,
कडं फिसकटलेलं,
ओल्या कागदावर शाई पसरावी तसं,
आणि मागे त्याचीच फिकट सावली, पुन्हा सावली.

फोनाफोनी झाली.
झ्वोलेवाले म्हणाले, आमचं यंत्र चोख आहे.
लेवार्डनवालेही तेच म्हणाले,
त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.
घरोघरी मातीच्या चुली.

मग एक दिवस चुकीच्या मजल्यावर उतरून
एक उंच म्हातारा माझ्या दारात,
हातात कागदी पिशवी.
विब्रेन होक्स्ट्रा. बेकरी होती, आता मुलगा बघतो.
"ती सोळावी मान," म्हणाला, "माझी."
मी कान झाकायला हवे होते.

"चाळीस वर्षांत तीन भट्ट्या वापरल्या," म्हणाला,
"पीठ तेच, पण कवच कधी जाड, कधी पातळ.
भट्टीला शिव्या घालायचो.
निम्म्या वेळी भट्टीचं काही नसायचं."
पिशवीची घडी त्याने उलगडली, परत घातली.

"झ्वोलेला त्या मुलीनं सांगितलं, गिळू नका.
सहा मिनिटं.
त्याच इमारतीत, दोन मजले वर,
हिस्केला गिळता येत नव्हतं.
झटक्यानंतर अकरा दिवस.
पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचे, चमच्यानं,
खळीसारखं.
ती माझ्याकडे बघायची, की हे काय देतोस मला.

तर ते आठवलं.
आणि गिळलं मी. दोनदा.
यंत्राची काही चूक नाही, एवढंच सांगायला आलो."

चित्राच्या पुढे मी आधीच लिहिलं होतं:
दर्जा पाचपैकी दोन. गिळण्याची हालचाल.
इतकं बरोबर लिहिलं होतं मी
आणि काहीच वाचलं नव्हतं.

जानेवारीत त्याला परत पाठवलं.
रुळांवर बर्फ, गाडी तासभर उशिरा.
१.१३.
तिन्ही यंत्रं जुळली,
तक्त्यातले ठिपके एका रेषेला बिलगून बसले,
प्राध्यापक बाईंनी सगळ्यांना केक आणला.
अहवालात एक ओळ:
हालचालीमुळे एक चित्र वगळले.

वगळलेलं आम्ही पुसत नाही, वेगळ्या कप्प्यात ठेवतो.
कधी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी ते उघडते.
वजाबाकी करून बघते उगाच.
चोवीस शतांश मिलिमीटर.
एवढी जाडी कुठल्याच कंपनीची नाही.

पाव राईचा होता, काळपट, जड,
एका बाजूने थोडा करपलेला.
तीन दिवस पुरला.