रिठ

सातबाऱ्यावर त्या टेकडीचं नाव रिठ.
म्हणजे इथी गाव व्हतं, आता नाही.
गवत सरकारचं, बोरं पोट्ट्याईची.

मी चाळणीवर व्हती.
खड्ड्यातली माती टोपल्यानं यायची,
मी हलवायची, माती जायची, खापरं राह्यची.
मोठ्या घरची माती अन् लहान घरची माती
चाळणीत सारखीच वाजते,
हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं.

दिलोरम नावाची बाई आली व्हती, लय दुरून.
विमानानं दिल्ली, रेल्वेनं वर्धा,
मंग भोजराजच्या सुमोत आमच्यासंगं दाटीनं.
उन्हाले भ्यायली नाही.
म्हणे आमचं तेर्मेज असंच तापते.
लहानसंच शहर, जिल्ह्याचं ठिकाण,
नदीच्या पल्याड दुसरा देश,
अन् अल्याड कपाशी.
लहानपणी आमची शाळाच वावरात नेत, म्हणे.
तिनं बोट दाखवलं. मी माह्यं दाखवलं.
बोंडाचे ओरखडे,
तिचे जुने, माह्ये यंदाचे.

नागपूरचा प्रज्वल मधात बसून
तिचं बोलणं आमच्याकडे ओतायचा, आमचं तिच्याकडे.
टरबूज फोडलं त्या दिवशी त्याची गरज पडली नाही.
तारवुझ, ती म्हणे.
टरबूज, मी म्हणलं.
अन् दोघी बिया थुकत बसलो.
रिठाले तिच्याकडे म्हणतात तेपा.

एका दुपारी तिनं मोबाइल काढला.
तिच्या गावच्या तेपातून निघालेला तो:
नाक नाही, एक हात नाही,
मांडी मात्र घातलेली तशीच.
मी चाळणी खाली ठेवली,
मातीचेच हात जुळले.
ते काही इचारून जुळत नाहीत.
दिलोरम पाह्यतच राह्यली.
प्रज्वलले म्हणे, इचार तिले,
हिच्या घरी हा अजून हाय का?

हाय ना.
भिंतीवर हाय, घड्याळाच्या खाली.
सांजेले उदबत्ती, पुनवेले खीर.

तिच्याकडे काचेत हाय.
लोक येतात, पाह्यतात, वहीत सही करतात.
पाच वाजले का शिपाई बल्ब बंद करते.
इतक्या वर्सात कोणी हात जोडलेले
तिनं पाह्यले नव्हते.

मंग मी सांगतलं,
आमच्याइकडे बी मधात लय वर्सं कोणी जोडत नव्हतं.
माह्या आजसासऱ्यानं आणला, छप्पन साली,
नागपूरले पायदळ जाऊन.
येतानी टाचेत काटा मोडला,
तो मरेपर्यंत निघाला नाही.
प्रज्वल इथी अडला.
त्याले काट्यासाठी शब्द सापडेना.
मी बांधावरून बाभळीचा आणून
तिच्या तळहातावर ठेवला.
ती लय वेळ काही बोलली नाही.

खड्ड्यात काय निघालं?
खापरं. चार मणी. राख.
अन् मातीचं एक चाक, रुपयाएवढं, मधात भोक.
सायबानं लिवलं: चक्राकार वस्तू, उपयोग अज्ञात.
भोजराजचा पोट्टा म्हणे,
अज्ञात काऊन, तान्ह्या पोळ्याच्या बैलाचं हाय ना.
कोणी ऐकलं नाही.
दिलोरमनं ऐकलं, तिच्या वहीत बैल काढला.
शिंगं चुकली.

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवाचा व्हता.
खाली प्लास्टिक हातरलं.
त्यावर यंदाचं एक नाणं ठेवतात,
पुढं कोणी खोदलं तं त्याले समजावं
का आपल्या आधी कोणी येऊन गेलं.
सायब खिसे चाचपत राह्यले.
मी पदराची गाठ सोडली, पाचाचं ठेवलं.
दिलोरमनं पर्स पालथी केली,
तिच्या देशाचं एक ठेवलं, बाजूले, चिकटून.

मंग आम्ही माती लोटली.

हजार वर्सानं कोणी तरी उकरन,
दोन्ही नाणे चाळणीत वाजतीन,
अन् कोणी शहाणा लिवन
का या रिठाचा अन् त्या तेपाचा
काही तरी व्यवहार व्हता.

व्हताच.
माह्ये पाच रुपये अजून कोणी देल्ले नाहीत.