आवाजावरून खोली

जिंतूरच्या प्रशालेत दहावी ब ची खोली
सगळ्यात शेवटची, मुतारीच्या अंगाला.
चिद्रवार सर आधी खिडकी लावून घ्यायचे
आणि मग खिशातून काढायचे लिंबू.

लिंबू, शिपायाच्या डबीतला चुना,
कागदावर चोळलेली जास्वंद.
कपाट होतं, पण किल्ली बदली झालेल्या
मुख्याध्यापकांसोबत कळमनुरीला गेलेली.
काचेतून दिसायचा बरणीतला बेडूक,
दोन्ही हात वर करून,
उत्तर येत नसताना मुंजाजी करायचा तसे.

"चुकीचं सांग," सर म्हणायचे, "पण जोरात सांग."
मुंजाजीनं जोरात सांगितलं:
प्रकाश वाकतो कारण पाण्यात त्याला जड जातं.
सर खडू ठेवून हसले,
मग हसू आवरून म्हणाले,
याला पाचपैकी तीन.

भंगारातल्या स्पीकरचा चुंबक
दैवशालानं ओढणीत गुंडाळून घरी नेला,
संध्याकाळभर अंगणाच्या मातीतून फिरवला.
दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर
चिमूटभर काळी लव.
"सर, आमच्या अंगणात लोखंड हाय."
ते पान फळ्याच्या कोपऱ्यात चिकटवलेलं राहिलं
दिवाळीच्या सुट्टीत रंगारी येईपर्यंत.

मारायचे नाहीत असं नाही.
मुस्तकीमनं थर्मामीटर फोडून
पारा तळहातावर पळवला तेव्हा
फाडकन एक दिली,
आणि नंतर स्वतःच त्याला नळावर नेऊन
साबणानं त्याचा हात धुत राहिले,
बोटांमधल्या बेचक्यांपर्यंत,
तास संपून घंटा झाली तरी.

मार्चमध्ये शाळेमागच्या विहिरीवर नेलं.
"दगड फेकायचा नाही, लेकराहो. सोडायचा."
सरांचं घड्याळ माझ्या हातात.
दोन सेकंद.
काठावर उकिडवं बसून, मांडीवर वही,
निम्मे गुणिले दहा गुणिले दोनचा वर्ग.
वीस मीटर, सर! वीस!
सर काहीच बोलेनात.
पुस्तकातल्या चित्रात दगडाखाली
पाण्याची वर्तुळं होती.
आम्ही ऐकलं होतं ते नुसतं खट्.

"उत्तर बरोबर आहे," बऱ्याच वेळानं म्हणाले,
"लिहून घ्या."
आम्ही वळल्यावर त्यांनी आणखी एक दगड सोडला.
मागून ऐकू आलं.

आता मी बोअरच्या गाडीवर असतो.
शेतमालक नारळ फोडतो, खुर्ची टाकून बसतो,
दर दहा फुटाला विचारतो, काही ओल?
धुळीचा रंग बदलला की मला कळतं,
मीटर आहे, रॉड मोजलेले आहेत,
तरी मशीन थांबलं की
पाइपात एक खडा सोडतो
आणि मनात मोजतो.

हेल्पर नवा आहे, येलदरीकडचा,
मिसरूड फुटलेलं नाही.
किती असंल रे, मी विचारतो.
तो मालकाकडं बघतो, लाजतो,
ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो.

जोरात, मी म्हणतो.