चूकदुरुस्ती

आजोबा पेपर शेवटच्या पानापासून वाचतात.
उजवीकडून लिहायच्या शाळेत
त्यांच्या दोनच इयत्ता झाल्या, मग बोट,
मग चाळीसगाव, मग धुळ्याची छोटी गाडी,
आणि कुमारनगरच्या पत्र्याखाली
कारकुनानं टेऊमलचं टिकमलाल करून
रेशनकार्ड हातात दिलं.
साखर त्याही नावावर गोडच लागली, म्हणतात.

मराठी ते रद्दीतून शिकले.
गठ्ठा काट्यावर चढवायच्या आधी
एखादं पान बाजूला काढायचे:
कापसाचा भाव, पांझरेचा पूर, कुणाचं तरी दहावं.
मी त्याच गठ्ठ्यांवर बसून अक्षरं जुळवली.
मला वाटायचं, बातमी म्हणजे
जुनी झाल्यावरच घरी येणारी वस्तू.

शाळेत, क्लासला, शिरपूरच्या एसटीत
एकच प्रश्न: कथाईन उनी वं तू?
इथलीच म्हटलं की, तसं नाही, मूळची?
मूळ काय, मुळ्यासारखं उपटून दाखवू?

पेपरात लागले तेव्हा संपादक म्हणाले,
लोकांना प्रश्न विचारता येतात का?
म्हटलं, एक तरी पाठ आहे.
पहिल्यांदा नाव छापून आलं: तळराजे.
तलरेजा, मी सांगायला गेले, तर ऑपरेटर म्हणाला,
ताई, हे जास्त बरं दिसतं.

मार्चमध्ये नदीकाठच्या झोपड्यांना नोटीस लागली.
सातपुड्यातून उतरलेली माणसं,
विटा वाहणारी, बाटल्या वेचणारी.
मी वही उघडली आणि तोंडातून तेच निघालं,
कुठून आलात?
बाईच्या डोक्यावर हंडा होता.
"आत्ता? पाणी भरून."

मग नीट विचारलं. नोटिशीवर सही कुणाची, मुदत किती.
घरं स्वतः मोजली, एकेचाळीस.
महापालिकेच्या कागदावर सत्तावीस.
आजोबांचं एवढंच शास्त्र मला येतं:
माल टाकायच्या आधी रिकामा काटा बघ.

बातमी तिसऱ्या पानावर होती.
शेवटून निघालेले आजोबा
चहानंतर तिथं पोचले.
"ही कमलबाई कोण?"
त्या हंडेवालीचं वर्णन केलं.
त्यांनी गल्ल्याखालची वही काढली, सिंधीतली,
उजवीकडून डावीकडे बोट नेत वाचलं,
"गुमली. बाटल्या बावीस, पत्रा दीड किलो.
नऊ वर्षं येते. कमल एकदाही नव्हती."

नाव मला नीट ऐकू आलं होतं.
लिहिताना पेन अडखळलं
आणि मी ते जरा बरं दिसेल असं केलं.

दुसऱ्या दिवशी पान पाच, मंगल कार्यालयाच्या
जाहिरातीखाली चार ओळी आल्या.
कमल याऐवजी गुमली असे वाचावे.
खाली नाव नसतं चूकदुरुस्तीच्या,
नाहीतर तिथंही तळराजे आलं असतं.
माझं लिहिलेलं त्यातलं
अजून मला पाठ आहे ते एवढंच.

शनिवारी तो अंक दुकानात आला,
अकरा किलोच्या गठ्ठ्यात, सुतळीनं आवळलेला.
आजोबांनी सवयीनं रिकामा काटा बघितला,
मग गठ्ठा वर चढवला.
पान बाजूला काढलं की नाही,
मी बघायला थांबले नाही. नदीकाठी मुदत संपत होती.